तीनशे ‘कुलकणीर्’

आमच्या छापखान्यातून ‘कुलकणीर्’ अशा आडनावाच्या तीनशे लग्नपत्रिका छापून गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात मी जावाच्या, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेच्या, क्लासला नाव घातलं. मधलं सांगते.

मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासर सुदामानगरात, वय एकोणपन्नास. 1993 साली राजवाड्याजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनच्या मशीनवर हिंदी टायपिंग शिकले. तेव्हापासून पत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीची कुपनं, तेराव्याची कार्डं, सगळं हाताखालून गेलं. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटरवर पान लावायचं पेजमेकर आलं, तरी बोटांना फरक पडला नाही, कारण कृतिदेव फाँटचा कीबोर्ड रेमिंग्टनचाच. मजकूर मराठी असो की हिंदी, आमच्याकडे सगळं कृतिदेवमध्ये.

आता कृतिदेवची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी ते देवनागरी नसतंच. ‘राम’ लिहायला मी जे, के आणि ई ही बटणं दाबते, आणि फायलीत जे-के-ई हेच साठतं. फाँट त्यांना र, काना आणि म यांचा वेष चढवतो एवढंच. व्हॉट्सॅपवर तो वेष चालत नाही, तिथे युनिकोड लागतं, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला स्वतःचा ठरलेला नंबर असतो ते. आणि हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, पत्रिका छापा आणि तोच मजकूर मोबाइलवर पाठवायलाही द्या. मग मी नेटवर मिळालेल्या एका कन्व्हर्टरमधून मजकूर काढायचे. त्या दिवशी दोन-दोन मजकूर सांभाळण्यापेक्षा कन्व्हर्ट झालेलाच पत्रिकेतही टाकला. रात्रीचे नऊ वाजले होते. प्रूफ मीच वाचलं. डोळ्यांना जे माहीत असतं तेच दिसतं.

नवऱ्या मुलाचे आजोबा गठ्ठा घेऊन आले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “ताई, आम्ही कुलकर्णी. हे कोण?” खाली ‘आशीवार्द’ही होताच. मालकांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती बीसीएच्या पहिल्या वर्षाला. म्हणाली, “आई, हे दहा ओळींचं काम आहे गं. जावात स्ट्रिंग रिप्लेस करायचं, झालं.” मी म्हटलं, मग करून दे. तर म्हणे परीक्षा झाल्यावर. तिची परीक्षा कधी संपते ते मला तीन वर्षं कळणार नव्हतं, म्हणून मीच जायचं ठरवलं.

भंवरकुआँला क्लासेसची नुसती जत्रा आहे. त्यातल्याच एका जिन्यावरून शनिवार-रविवार सकाळी आठला वर चढायचं. बॅचमध्ये बावीस जण, सगळे माझ्या लेकीच्या वयाचे. सर सत्तावीस-अठ्ठावीसचे असतील. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कुणाची तरी फी भरायला आले आहे. मी वही उघडून पहिल्या बाकावर बसले तेव्हा कुठे त्यांनी खडू उचलला. जावा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग यांच्या हातून घडली, 1995 साली जगासमोर आली, आधी तिचं नाव ‘ओक’ होतं, मग कॉफीवरून जावा झालं, हे सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पुढे त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

पहिला प्रोग्रॅम म्हणजे पडद्यावर एक ओळ उमटवायची. त्यासाठी आधी ‘पब्लिक क्लास’ अमुक, मग ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’, कंसात स्ट्रिंग, चौकोनी कंस, आर्ग्ज. मी विचारलं, सर, यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काय? सर म्हणाले, “आंटीजी, अभी रट लो, बाद में समझ आएगा.” माझ्या आजेसासूबाई अथर्वशीर्ष म्हणायच्या, त्यांनाही बहुधा असंच सांगितलेलं असणार. मी पाठ केलं. अर्थ खरोखरच नंतर कळला, एकेक शब्द, दोन महिन्यांत. नवीन जावात हा सगळा पसारा न लिहिता नुसतं ‘व्हॉइड मेन’ एवढ्यावर भागतं असं लेकीने परवा दाखवलं. मला ते अर्धं गंध लावल्यासारखं वाटतं.

चुका मात्र पोत्यानं. ‘स्ट्रिंग’चा एस छोटा काढला की ‘कॅनॉट फाइंड सिंबॉल’. शेवटचा महिरपी कंस राहिला की ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’, म्हणजे वाचता वाचता फाइल संपली पण तुमचं वाक्य संपलं नाही. पोरं या लाल ओळी बघून वैतागायची. मला त्यांचं काही वाटेना. तीस वर्षं लाल शाईतच गेली. अर्धविराम राहिला की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करणारा प्रोग्रॅम, ती ओळ पुन्हा छापतो आणि जिथे खूण हवी तिथे खाली ^ असं चिन्ह ठेवतो. मी बघतच राहिले. हे तर आमचं काकपद! प्रूफात शब्द राहिला की आम्ही नेमकं हेच घालतो. पहिल्यांदा वाटलं की या यंत्राच्या आत कुणीतरी आपल्या धंद्यातलं बसलं आहे.

पण कंपायलर पकडतो ती शुद्धलेखनाची चूक. मजकूरच चुकीचा असेल तर तो मान डोलावून पुढे जातो. हे कळायला मला 250 पत्रिका लागल्या. सर म्हणाले, रोजच्या कामातलं एखादं गणित प्रोग्रॅममध्ये करून आणा. मी आमचंच घेतलं: एका शीटवर चार पत्रिका बसतात, 250 पत्रिकांना शीट किती? 250 भागिले 4. उत्तर आलं 62. एरर नाही, काकपद नाही, अगदी प्रसन्न 62. आणि 62 शीटवर 248 पत्रिका होतात. दोन घरची माणसं बिनबोलावली राहिली! पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा अपूर्णांक कापून टाकते, हे वहीत लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं आणि लागलेलं यात फरक असतो. डबल, म्हणजे अपूर्णांक चालणारा आकडा, वापरलं तर साडेबासष्ट येतात, आणि अर्धं शीट कुणी कापून देत नाही. सरांनी युक्ती दाखवली: भागायच्या आधी तीन मिळवा. 253 भागिले 4, उत्तर 63. 248 पत्रिका असतील तर 251 भागिले 4, तरी 62 च. घरी जाईपर्यंत बसमध्ये मी निरनिराळे आकडे घालून बघत होते, हे प्रत्येक वेळी कसं काय जमतं म्हणून. सुदामानगरचा स्टॉप गेला.

सरांची एक सवय मला फार आवडली. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा फिरवणं, आला की ते कीबोर्ड बाजूला ठेवायला लावायचे आणि वहीत रकाने आखायचे. एका रकान्यात आय, दुसऱ्यात बेरीज, तिसऱ्यात पडद्यावर काय आलं. एकेक फेरी हाताने चालवायची. याला ते ड्राय रन म्हणायचे. पोरांना याचा भयंकर कंटाळा. मला वाटतं माझी गाडी पुढे सरकली ती या रकान्यांमुळेच. व्हिडिओ बघून एकही लूप मला कळला नव्हता.

मग स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या माळेचा, धडा आला. शब्द उलटा करा, आणि उलटसुलट सारखा असेल तर ‘पॅलिन्ड्रोम’ म्हणून छापा. सगळ्यांनी इंग्रजीत ‘नितिन’ आणि ‘मॅडम’ घातलं. मी ‘राम’ घातलं. वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणापासून कानात: मरा मरा म्हणता म्हणता राम झालं. तर आपण उलटं जाऊ, राम घालू, मरा येईल.

क्लासातली मशीनं जुनी, त्यांवर 2014 सालची जावा 8. आधी तर कसल्याशा चिन्हांची रांगच उमटली. सरांनी कंपाइलच्या आज्ञेत ‘एनकोडिंग यूटीएफ-8’ जोडलं. मग उत्तर आलं: ???

बाजूचा मुलगा म्हणाला, आंटी, हिंदी सपोर्ट नहीं करता, इंग्लिश में कर लो. सरही पुढच्या बाकाकडे वळले. मी मात्र त्या तीन प्रश्नचिन्हांकडे बघत होते. राम दोन अक्षरी. मग प्रश्नचिन्हं तीन का?

आणि बोटांनीच सांगितलं. जे, के, ई. र, काना, म. माझ्या बोटांसाठी राम नेहमीच तीन ठोक्यांचा होता! सरांना म्हटलं, याला अक्षर दिसत नाहीये, तुकडे दिसतायत. त्यांनी प्रत्येक तुकड्याचा नंबर छापायला लावला: 2352, 2366, 2350. र, काना, म. मग निकाल साध्या काळ्या खिडकीऐवजी जे-ऑप्शन-पेनच्या चौकटीत दाखवला, आणि तिथे स्वच्छ देवनागरीत उमटलं:

मार

मरा नाहीच. तुकडे उलटले की म, काना, र. वर्ग जोरात हसला, मीही. वाल्या कोळ्याच्या हाती जावा असती तर अवघड होतं.

त्या रविवारी पोह्याच्या गाडीवर मी पोरांना ‘नवजीवन’ घातलं. आपल्या हिशेबाने न-व-जी-व-न, उलटसुलट सारखं. जावाच्या हिशेबाने सहा तुकडे, मधला ज आणि त्याची वेलांटी वेगवेगळ्या, उलटं केलं की वेलांटी आधीच्या व ला चिकटते. निकाल: फॉल्स. मग ‘टेप आणा आपटे’. तेही फॉल्स. आमच्या क्लासात मराठी कळणारी आम्ही दोघंच होतो, पण आपटे सगळ्यांना आवडले.

पुढचे चार दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. वहीत लिहीत बसले: अक्षर म्हणजे काय? पहिलीत शिकलेली गोष्ट, आणि पाऊण पान खोडलं. शेवटी असं उतरलं. डावीकडून एकेक तुकडा उचला. तो काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा पाय मोडायची खूण असेल तर आधीच्या अक्षराला जोडा. आधीच्या अक्षराचा पाय मोडलेला असेल तरी जोडा. नाहीतर नवीन अक्षर सुरू करा. पाय मोडायच्या खुणेचा नंबर 2381. एवढंच. याची जावा करायला एक तास लागला आणि त्यातली चाळीस मिनिटं एक कंस शोधण्यात गेली. ‘राम’ घातलं, ‘मरा’ आलं. ‘आपटे’ उत्तीर्ण.

(जावात व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा किंवा मजकूर ठेवायच्या डब्याचं, नावही देवनागरीत देता येतं, हे मला याच काळात कळलं. ‘इंट’ लिहून पुढे सरळ ‘पत्रिका’. कंपायलर तक्रार करत नाही. सर म्हणाले, नोकरीत असं करू नका. मला कोण देतंय नोकरी? माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘मागचं’, ‘पुढचं’ आणि ‘रफार’ आहेत.)

आता मूळ कामाकडे. कृतिदेवचा प्रत्येक तुकडा कोणत्या युनिकोडचा, याची यादी करायला मला कागद लागला नाही, ती बोटांत होती. दोन रांगा केल्या, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, आणि लूपमध्ये रिप्लेस. चालवलं. काहीच बदललं नाही. तीन तास. लेक झोपायच्या आधी येऊन म्हणाली, “आई, रिप्लेस नवी स्ट्रिंग देतं. जुनी तशीच राहते. ती परत ठेवून घे ना.” म्हणजे मी झेरॉक्सवर प्रूफ तपासत होते आणि छपाईला मूळ कागदच जात होता. मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्यांदा चालवलं तर ‘शुभविवाह’चा पार चोथा. जागोजागी ठिपक्यांची वर्तुळं, त्यांना लटकलेले काने. इथे जरा जवळून बघावं लागेल. कृतिदेवमध्ये ‘शुभविवाह’ला दहा ठोके लागतात: अवतरणचिन्ह, के, क्यू, कॅपिटल एच, के, एफ, ओ, ओ, के, जी. यात के तीनदा येतो. के म्हणजे काना. पण अवतरणचिन्ह हा अर्धा श आहे आणि पुढचा के त्याचा दांडा. दोघं मिळून श. कॅपिटल एच अर्धा भ, त्यालाही के चा दांडा. ‘वा’मधला के तेवढा खरा काना. मी यादीत के आधी ठेवला होता. त्यामुळे तिन्ही के चे काने झाले, अर्धे श आणि भ तसेच लंगडत राहिले. म्हणजे आधी दोन-दोन ठोक्यांची जोडाक्षरं बदलायची, सुट्या के ची पाळी सगळ्यांत शेवटी. यादीचा क्रम फिरवला, ओळ एकही बदलली नाही, आणि श, भ जागेवर आले.

राहिली पहिली वेलांटी. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी ठोकतात, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर, कारण उच्चार नंतर. सोपं वाटलं: एफ दिसला की पुढच्या तुकड्याशी अदलाबदल. ‘चिरंजीव’ झकास आलं. ‘उपस्थिती’ फुटलं, कारण तिथे वेलांटीला अर्धा स ओलांडून थ च्याही पलीकडे जायचं होतं आणि माझी वेलांटी स पाशीच थांबली. पाय मोडलेला असेल तर पुढे चालत राहा, असा व्हाइल लूप घातला.

आणि मग रफार. ज्याच्यापायी हे सगळं आरंभलं तो. तो उलटा. कृतिदेवमध्ये कॅपिटल झेड, आणि तो अक्षर, काना, वेलांटी सगळं देऊन झाल्यावर शेवटी ठोकायचा. ‘कुलकर्णी’त ण, मग वेलांटी, मग झेड. युनिकोडला र हवा ण च्या आधी. त्या नेटवरच्या कन्व्हर्टरने झेडच्या जागी जिथल्या तिथे र ठेवला होता, म्हणून णी नंतर पाय मोडलेला र. वर्तमानपत्रांच्या साइटवर ‘कायर्क्रम’ वाचून मी वर्षानुवर्षं हसत आले होते. त्याचं कारण हे. वहीत लिहिलं: झेड दिसला की मागे चाला, स्वरचिन्हं ओलांडा, व्यंजनापाशी थांबा, त्याच्या मागे पाय मोडलेलं कुणी असेल तर त्यालाही ओलांडा, मग र ठेवा आणि झेड पुसा. सहा रकान्यांचा ड्राय रन केला, ‘आशीर्वाद’ घालून, पेन्सिलने.

चालवला. पडद्यावर ‘कुलकर्णी’.

मी कुणाला हाक मारली नाही. रात्रीचे साडेअकरा झाले होते. आणखी एकदा चालवला, तरी कुलकर्णीच.

मग उत्साहाच्या भरात छापखान्यातल्या जुन्या फायली एकापाठोपाठ घातल्या, आणि 2020 सालच्या एका पत्रिकेवर प्रोग्रॅम धाडकन कोसळला: स्ट्रिंग इंडेक्स आउट ऑफ रेंज, उणे एक. तो टाळेबंदीचा काळ, लग्नाला मोजकी माणसं, बाकीच्यांसाठी पत्रिकेत झूमची लिंक. ओळीच्या सुरुवातीलाच इंग्रजीत झूम. नुसत्या मजकुरात फाँट उरत नाही, त्यामुळे त्या झूमचा झेड माझ्या प्रोग्रॅमला रफार वाटला. तो बिचारा व्यंजन शोधत मागे मागे गेला आणि ओळीच्या बाहेर पडला. ‘जागा शून्यापेक्षा मोठी असेल तरच’ अशी अट घातली. कोसळणं थांबलं, झूमचं मात्र अजून काहीतरी अगम्य होतं. इंग्रजी ओळी मी हाताने वगळते.

क्लास संपला. शेवटच्या परीक्षेत मला पन्नासपैकी एकतीस मिळाले. ‘दोन इक्वल टू’ आणि ‘इक्वल्स’ यांतला फरक लिहिताना मी उलटं लिहिलं. मालकांनी प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायला आणखी दोन महिने घेतले, आणि अजूनही प्रूफ दोनदा काढायला लावतात. बरोबरच आहे.

सध्या मी अडकले आहे ती ‘वऱ्हाडी’पाशी. हा चंद्रकोरीसारखा र मराठीत लागतो, हिंदीत त्याचं काम पडत नाही, म्हणून मी इतकी वर्षं त्याच्या जागी साधा डॅश टाकून भागवत आले. व-हाडी, दुस-या, नव-या मुलाकडील. कागदावर खपून जायचं. आता माझ्याच फायलींत ते शेकड्यांनी आहेत. डॅशपुढे य किंवा ह आला तर त्या डॅशचा ऱ करायचा, असा नियम केला. आई-वडील वाचले, वर-वधू वाचले, वऱ्हाडी मंडळी आली. काल एका पत्रिकेचा पत्ता बघितला तर छापलं होतं ‘इंदूरऱ्यवतमाळ’, आणि त्याखाली ‘पुणेऱ्हडपसर’.

लेक म्हणते, हॅशमॅपमध्ये शब्दांची यादी ठेव, यादीत असेल तरच बदल. पण यादी करणार कोण? वहीत आतापर्यंत एकेचाळीस शब्द झालेत. तुम्हाला आठवले तर सांगा, पत्रिकेत येणारेच हवेत. कुऱ्हाड नको.